बाखचं 'आक्टुस ट्रागिकुस' कसं ऐकावं: पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या जवळपास दोनशे धार्मिक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना, आज आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. पाश्चात्त्य समूहगान कधीच न ऐकलेल्या माणसाने त्यांतली पहिली कुठली ऐकावी, असं कुणी विचारलं तर मी १०६ क्रमांकाची सांगेन. 'गोटेस त्साइट इस्ट डी आलरबेस्टे त्साइट', म्हणजे 'देवाची वेळ हीच सर्वांत उत्तम वेळ', या ओळीने ती सुरू होते. जगभर तिला 'आक्टुस ट्रागिकुस' म्हणून ओळखतात. अंत्यविधीसाठीची ही रचना वीस-बावीस मिनिटांत संपते. गायकांचे चार आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास), दोन रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी), दोन व्हायोला दा गाम्बा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि खाली ऑर्गनसह खर्जाची साथ, एवढंच सगळं. व्हायोलिन नाही, ट्रम्पेट नाही, ढोल-नगारे नाहीत.

बाखच्या मोठ्या रचना, उदाहरणार्थ मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचं 'पॅशन' (येशूच्या दुःखसहनाची आणि मरणाची कथा), जवळजवळ तीन तास चालतात. नवख्याने तिथून सुरुवात केली तर थकून जायला होतं. इथे मात्र प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, प्रत्येक शब्द लागतो, आणि एका बैठकीत सगळं ऐकून होतं.

ऐकायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी धरा. ख्याल ऐकताना आपला कान एका गायकाच्या मागे जातो. तो स्वर कसा लावतो, कुठे वळतो, समेवर कसा येतो, तिकडे लक्ष असतं. 'आक्टुस ट्रागिकुस' ऐकताना त्या सवयीला थोडी मुरड घालावी लागते. इथे तीन-चार गोष्टी एकाच वेळी बोलल्या जातात आणि सगळा अर्थ त्यांच्या एकत्र असण्यात आहे. मृत्यूचा निवाडा गायला जात असतो, त्याच क्षणी वरच्या वाद्यांवर भरवशाचं गाणं वाजत असतं. आशा मागाहून येऊन दुःखावर पांघरूण घालत नाही. ती सुरुवातीपासून तिथेच असते, ऐकू यायला थोडा वेळ लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत.

आधी थोडी ओळख

ही रचना १७०७-०८च्या सुमाराची, म्हणजे बाख बावीस-तेवीस वर्षांचा असतानाची, असं अभ्यासक मानतात. तेव्हा तो जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या म्युलहाउझेन गावात सेंट ब्लासिउस चर्चचा ऑर्गनवादक होता. १७०७च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं मारिया बार्बाराशी लग्न झालं आणि १७०८मध्ये तो वायमारला गेला. साधारण या काळातलं हे काम. कुणाच्या अंत्यविधीसाठी लिहिलं, यावर बरेच तर्क झाले आहेत. १७०७च्या ऑगस्टमध्ये एर्फुर्टला बाखचा मामा टोबियास लेमरहिर्ट वारला, त्याचं नाव त्यात सगळ्यात जास्त वेळा येतं. पण पुरावा सापडलेला नाही, आणि ऐकण्यासाठी त्याची गरजही नाही.

बाखच्या स्वतःच्या हातची प्रत उरलेली नाही. सगळ्यात जुनी नक्कल १७६८ची, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी केलेली. 'आक्टुस ट्रागिकुस' हे नावही त्या नकलेवरच दिसतं. रचना पहिल्यांदा छापली गेली ती १८३०मध्ये.

एवढ्या लहान वयात मृत्यूवर असं लिहिता आलं याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. बाखची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली, आणि वर्षाच्या आत वडीलही गेले. थोरल्या भावाने त्याला ओर्ड्रुफला नेऊन वाढवलं. त्या वयात घरातल्या दोन अंत्ययात्रा पाहिलेला मुलगा हे लिहितो आहे, हे मला तरी ऐकताना विसरता येत नाही.

पहिली पायरी: शब्द हाताशी घ्या

जर्मन येत नसेल तरी चालेल, पण शब्दांशिवाय ही रचना ऐकू नका. इथे नव्याने लिहिलेलं काव्य जवळजवळ नाहीच. बायबलमधली वचनं आणि ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) चर्चची गीतं एकापुढे एक ठेवली आहेत, आणि ती कुठल्या क्रमाने ठेवली यातच अर्धं सांगणं आहे. मराठी बायबल घरात असेल किंवा फोनवर असेल तर खुणा घालून ठेवा. नसेल तर एका कागदावर एवढं लिहून घ्या.

सुरुवातीच्या समूहगानात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, वचन २८: त्याच्या ठायी आपण जगतो, वावरतो आणि आहोत. मग टेनरकडे स्तोत्र ९०, वचन १२: आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, म्हणजे आम्ही शहाणे होऊ. बाखच्या समोरच्या ल्यूथरच्या जर्मन बायबलमध्ये हे अधिक उघड आहे: आम्हाला मरायचं आहे याचा विचार करायला शिकव. त्यानंतर बासकडे यशया, अध्याय ३८, वचन १: आपल्या घराची व्यवस्था लाव, कारण तू मरणार आहेस, वाचणार नाहीस. मग आल्टो, टेनर आणि बास मिळून बेन सिराखच्या ग्रंथातलं वचन गातात: हा पुरातन नियम आहे, माणसा, तुला मरावंच लागेल. (हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये मिळेल, प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत सहसा नसतो.) त्यांच्यावर सोप्रानो एकटी गाते: होय, ये, प्रभू येशू. हे प्रकटीकरणाच्या अगदी शेवटून दुसऱ्या वचनातलं, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पानावरचं.

पुढच्या भागात आल्टोकडे स्तोत्र ३१ मधलं 'तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो', आणि बासकडे लूक, अध्याय २३, वचन ४३: आज तू माझ्यासोबत स्वर्गलोकात असशील. त्याच वेळी आल्टो मार्टिन ल्यूथरचं १५२४चं गीत गाते, 'शांतीने आणि आनंदाने मी निघतो'. शेवटी देवाच्या गौरवाचं एक जुनं गीत आणि आमेन.

यशयाच्या वचनापाशी जरा थांबा. ते हिज्कीया राजाला सांगितलेलं आहे. पुढची वचनं वाचलीत तर कळेल की राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षं देतो. कँटाटात ती पंधरा वर्षं नाहीत. आज्ञा ऐकू येते आणि गाणं पुढे जातं. मूळ गोष्ट माहीत असेल तर ही गाळलेली जागा फार टोचते. त्या काळी चर्चमध्ये बसलेल्या सगळ्यांना ती गोष्ट माहीत असणार.

दुसरी पायरी: ध्वनिमुद्रण आणि ऐकायची सोय

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. गाम्बा आणि खर्जाची साथ त्यात हरवते, आणि या रचनेचा पाया तिथेच आहे. साधे इअरफोनसुद्धा पुरतात.

दुसरी सूचना क्षुल्लक वाटेल, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. रचनेच्या मध्यावर एक शांतता लिहिलेली आहे. फुकट सेवेवर ऐकताना नेमकी तिथे जाहिरात लागली तर त्या दिवसापुरतं ऐकणं वाया गेलं असं समजा. जाहिरातीशिवाय ऐकता येईल अशी जागा शोधा, शफल बंद ठेवा, आणि अल्बममध्ये कँटाटाचे तुकडे पाडलेले असतील तर ते सलग, मध्ये खंड न पडता वाजतील असं बघा.

ध्वनिमुद्रणं दोन तऱ्हांची सापडतील. काहींत पूर्ण गायकवृंद असतो, काहींत प्रत्येक आवाजासाठी एकच गायक. जोशुआ रिफकिनने आणि पुढे फिलिप पिएर्लोच्या रिचेरकार कॉन्सॉर्ट या गटाने एकेका गायकाची पद्धत घेतली. जॉन एलियट गार्डिनरच्या मुद्रणात मॉन्टेव्हर्डी क्वायर आहे. कार्ल रिश्टरचं जुनं मुद्रण मोठ्या वृंदाचं आणि जड पावलांचं. गुस्ताव लिओनहार्टच्या मुद्रणात, त्या काळी चर्चमध्ये असे तसा, सोप्रानोचा भाग एका मुलाने गायला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एकेक गायकाचं मुद्रण घ्यावं असं माझं मत आहे. चार माणसं चार वेगळ्या गोष्टी म्हणत आहेत हे तिथे आपोआप कळतं. वृंदात ते शोधावं लागतं.

बघायचं असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटीने ही कँटाटा चित्रित करून सर्वांसाठी मोफत ठेवली आहे. रेकॉर्डर म्हणजे तोंडात धरून उभी वाजवायची लाकडी बासरी, आणि व्हायोला दा गाम्बा म्हणजे दोन्ही पायांमध्ये धरून गजाने वाजवायचं, पडदे बांधलेलं तंतुवाद्य. दोन्ही एकदा डोळ्यांनी पाहिली की कानालाही पटकन ओळखू येतात.

एक तांत्रिक खुलासा, स्वरलिपी बघणाऱ्यांसाठी: काही मुद्रणं ई-फ्लॅटमध्ये आहेत, काही एफमध्ये. त्या काळी ऑर्गनची पट्टी आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांची पट्टी वेगळी असे, म्हणून जुन्या प्रतीत रेकॉर्डरचा भाग वेगळ्या स्वरात लिहिलेला आहे. कुठली पट्टी धरायची हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुनी छापील प्रत मोफत मिळते.

तिसरी पायरी: फक्त सुरुवातीचा वाद्यांचा भाग

पहिल्या दिवशी एवढंच ऐका. 'सोनातिना' नावाचा हा भाग अवघ्या वीस मापांचा (माप म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक ठरलेला तुकडा) आहे, अडीच-तीन मिनिटांचा. खाली गाम्बा एकेक स्वर हलक्या दाबाने धडधडत ठेवतात, वर दोन रेकॉर्डर जवळजवळ एकच धून वाजवतात.

जवळजवळ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन रेकॉर्डर एका स्वरात चालतात, मग एक थांबून स्वर धरते आणि दुसरी तीच आकृती फिरवते, मग उलट. क्षणभर दोघींचे स्वर एकमेकींना घासतात आणि पुन्हा एक होतात. पहिल्या फेरीत हे लक्षात येणार नाही. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त त्या घासण्याकडे लक्ष द्या.

आणि हे लक्षात घ्या की अंत्यविधीचं हे संगीत मेजर, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरावलीत सुरू होतं. इथे आक्रोश नाही. शोकसंगीताकडून जी अपेक्षा असते ती बाख पहिल्याच मापात बाजूला ठेवतो. विसाव्या शतकातला हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी कुर्तागने हा भाग एका पियानोवर चार हातांसाठी बसवला, आणि तो व त्याची पत्नी मार्ता मिळून तो वाजवत असत. त्याची चित्रफीत सापडली तर जरूर बघा.

चौथी पायरी: पहिलं समूहगान आणि दोन इशारे

आता शब्द समोर ठेवून पुढे चला. 'देवाची वेळ' हे वाक्य चौघे एकत्र म्हणतात, आणि लगेच 'त्याच्या ठायी आपण जगतो, वावरतो' यावर गती येते. आवाज एकामागून एक त्याच धुनेवर शिरतात. जोपर्यंत त्याची इच्छा आहे तोपर्यंत, असे शब्द येतात तिथे एक स्वर लांबवर धरलेला ऐका. मग अचानक सगळं मंदावतं: 'त्याच्या ठायी आपण मरतो, योग्य वेळी, त्याची इच्छा असेल तेव्हा.' जगणं धावत होतं, मरण एका जागी उभं राहतं.

टेनरचा भाग विनवणीचा आहे. वाद्यांची एक छोटी आकृती परत परत येते आणि तिच्यावर तो प्रार्थना करतो. बासचा भाग आज्ञेचा. रेकॉर्डर वेगाने धावू लागतात आणि बास बजावतो, घराची व्यवस्था लाव. इथे फार रेंगाळू नका. हे दोन भाग तुम्हाला पुढच्या जागेपाशी आणून सोडतात.

पाचवी पायरी: मधली जागा

इथे वेळ घ्या. सगळ्या रचनेत मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते या चार-पाच मिनिटांबद्दल.

आधी खालचे तीन आवाज ऐका. आल्टो, टेनर आणि बास एकामागून एक तीच धून उचलतात: हा पुरातन नियम आहे, माणसा, तुला मरावंच लागेल. एकाचं वाक्य पुरं होण्याआधी दुसरा ते सुरू करतो. साथीला फक्त खर्ज, सारख्या पावलांनी चालणारा. त्यात राग नाही, दयाही नाही. कायदा वाचून दाखवला जातो आहे. स्वरावली मायनर, म्हणजे उदास छटेची, आणि कुठूनही बाहेर पडायला वाट दिसत नाही, कारण एक आवाज संपतो तिथे दुसरा उभा असतो.

मग सोप्रानो येते. तिचे शब्द वेगळे, तिची चाल वेगळी. ती खालच्या तिघांना उत्तर देत नाही, त्यांच्याशी वाद घालत नाही. 'होय, ये, प्रभू येशू, ये.' तिच्यासोबत इतका वेळ गप्प असलेल्या रेकॉर्डर आणि गाम्बा परत येतात. तिचं झालं की खालचे तिघे पुन्हा नियम वाचू लागतात. मग पुन्हा ती. शेवटी दोन्ही एकत्र.

आता तिसरी गोष्ट, जी पहिल्या फेरीत जवळजवळ कुणालाच ऐकू येत नाही. वाद्यं जे वाजवत असतात ती एका ल्यूथरन गीताची चाल आहे: 'इश हाब माइन झाख गोट हाइमगेश्टेल्ट', मी माझं सगळं देवावर सोपवलं आहे. शब्द कुणी गात नाही, फक्त चाल वाजते. त्या काळी चर्चमध्ये बसलेल्या माणसांना ती चाल लहानपणापासून पाठ असणार. आपल्याकडे गणपतीच्या आरतीची चाल नुसती पेटीवर वाजली तरी शब्द आपोआप ओठांवर येतात, तसंच त्यांचं होत असणार. म्हणजे त्या बाकांवर बसलेला माणूस एकाच वेळी तीन गोष्टी ऐकत होता: खालून नियम, वरून हाक, आणि मध्ये, कुणीही न गायलेला, स्वतःच्याच आठवणीतून उमटणारा भरवसा.

आपल्याला ती आठवण नाही. म्हणून ती कमवावी लागते, आणि त्याला फार वेळ लागत नाही. या गीताची चाल इंटरनेटवर वेगळी शोधा, ऑर्गनवर किंवा साध्या समूहगानात. आठ-दहा वेळा ऐका, गुणगुणा. भाजी निवडताना, लोकलमध्ये उभ्याउभ्या, कुठेही. मग कँटाटाच्या या भागाकडे परत या आणि फक्त रेकॉर्डरचा माग धरा. चाल ओळखू आली की खालचे तीन आवाज पहिल्यासारखे वाटणार नाहीत. त्यांचा एकही स्वर बदललेला नाही, पण आता ते एकटे नाहीत हे तुम्हाला ठाऊक असतं.

शेवटाकडे लक्ष द्या. तिघे जण एकेक करून गळून पडतात. वाद्यं थांबतात. खर्जही थांबतो. उरते फक्त सोप्रानो, 'येशू' या नावावर, आधाराला एकही स्वर नसताना, थरथरत उतरणारी. नाव पुरं होतं, पण संगीत कुठल्याही स्थिर स्वरावर येऊन टेकत नाही. आणि मग बाख एक संपूर्ण माप रिकामं लिहितो, त्यावर थांबायची खूण घालून.

त्या शांततेत काही करू नका. आवाज वाढवून बघू नका, पुढचा ट्रॅक लावू नका. अनेकांना वाटतं रचना संपली. ती अर्ध्यावर आहे.

सहावी पायरी: शांततेनंतर

शांतता संपते ती एका गायकाने आणि खर्जाने. आल्टो गाते, 'तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो', आणि खाली साथ एकेक पायरी वर चढत राहते. फक्त ती वर चढणारी साथ ऐकत एकदा हा भाग ऐका. स्तोत्रातले हे शब्द लूकच्या शुभवर्तमानात येशू क्रुसावर उच्चारतो, आणि स्तोत्रातलं त्यापुढचं वाक्यही कँटाटात आहे: 'तू माझी सुटका केली आहेस.' मघाशी खालच्या तिघांत नियम वाचणाऱ्या आल्टोकडेच बाख हे शब्द देतो. एकच गायिका असेल त्या मुद्रणात हे फार जाणवतं.

लगेच बासचं उत्तर येतं: आज तू माझ्यासोबत स्वर्गलोकात असशील. क्रुसावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला येशूने दिलेला हा शब्द आहे. चर्चसंगीताच्या जुन्या परंपरेत येशूचे शब्द बासकडे असतात, म्हणून इथे कोण बोलतं आहे हे सांगावं लागत नाही. आणि हाच आवाज मघाशी 'घराची व्यवस्था लाव' असं बजावत होता. तेव्हा हुकूम होता, आता आश्वासन आहे.

तो गात असतानाच आल्टो लांब लांब स्वरांत ल्यूथरचं गीत सुरू करते. हे शिमोनाचं गीत आहे. येरुशलेमच्या मंदिरात म्हाताऱ्या शिमोनाने बाळ येशूला हातांत घेतलं आणि आता मला शांतीने जाऊ दे, असं म्हटलं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट वाचा. गाम्बा इथे आल्टोच्या भोवती फिरतात. थोड्या वेळाने बास थांबतो, आल्टो आणि गाम्बा राहतात. 'सौम्य आणि शांत' या शब्दांवर आवाज खाली आणायची सूचना आहे. चांगल्या मुद्रणात इथे खोलीतला पंखासुद्धा नकोसा होतो. गीताची शेवटची ओळ: मृत्यू माझी झोप झाला आहे.

मघाच्या भागात गीताची चाल शब्दांशिवाय वाजत होती. इथे गीत शब्दांसकट, उघड, माणसाच्या तोंडून येतं. दोन्ही भाग पाठोपाठ ऐकलेत तर हा फरक कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

सातवी पायरी: शेवट

शेवटचं समूहगान सोपं आहे. ते जसं येतं तसं घ्या. चौघे मिळून देवाला गौरव देणारं गीत गातात, ओळींच्या शेवटी रेकॉर्डर आणि गाम्बा डोकावतात, आणि मग 'येशू ख्रिस्ताद्वारे, आमेन' यावर वेगवान फ्यूग सुरू होते. पुरातन नियमाच्या भागात आवाज एकामागून एक शिरत होते तेच तंत्र इथेही आहे, पण आता अंगात उत्साह आहे. मोठ्या आवाजात आमेन होतो. लगेच पाय काढू नका. गायकांचं शेवटचं वळण वाद्यं हळूच पुन्हा वाजवतात, आणि रचना त्या दबक्या प्रतिध्वनीवर थांबते.

ऐकून झाल्यावर

पुढच्या फेऱ्यांत प्रत्येक वेळी एकच गोष्ट धरा. एकदा फक्त खर्ज: कुठे चालतो, कुठे चढतो, कुठे नाहीसा होतो. एकदा फक्त रेकॉर्डर. एकदा फक्त सोप्रानो, आणि ती कुठे गप्प आहे तेही. सगळं एकदम ऐकण्याचा अट्टाहास सुरुवातीला करू नका. कान एकेक धागा ओळखू लागला की ते आपोआप एकत्र ऐकू येतात.

गायकवृंदात गाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मुंबईत, पुण्यात, गोव्यात, वसईत चर्चच्या वृंदांत चार आवाजांत गाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ही कँटाटा उचलायला हरकत नाही. गाम्बावादक मिळणं कठीण आहे, पण त्यांचे भाग व्हायोला किंवा चेलोवर वाजवून वृंद सराव करू शकतो. तालमीला सुरुवात शेवटच्या गीतापासून करा, मग पहिलं समूहगान घ्या, आणि 'पुरातन नियम' सर्वांत शेवटी. तिथे खालच्या तिन्ही आवाजांनी मोठ्याने गायचा मोह टाळावा. शब्द जितके सपाट आणि स्पष्ट, तितकी सोप्रानोची हाक वर येते. आणि ते रिकामं माप दिग्दर्शकाने पूर्ण मोजावं. वृंदातल्या कुणीही तिथे पान उलटू नये. पान आधीच उलटून ठेवायची सोय करा.

या वाटेने पुढे जायचं असेल तर पहिली भेट हाइनरिश श्युट्झच्या 'मुझिकालिशे एक्सेक्वियन'ला द्या. ही रचना १६३६ची, बाखच्या जन्माच्या जवळपास पन्नास वर्षं आधीची. हाइनरिश पोस्टहुमुस रॉइस नावाच्या संस्थानिकाने आपल्या अंत्यविधीची वचनं स्वतः निवडून शवपेटीवर कोरून घेतली होती, श्युट्झने तीच वापरली. तिच्या शेवटच्या भागातही शिमोनाचं गीत आहे, आणि तिथे एक छोटा दुसरा गट मुख्य वृंदापासून लांब उभा राहून गातो. दोन स्पीकरवर किंवा इअरफोनवर ते अंतर ऐकू येतं. त्यानंतर बाखचंच 'येझू, माइने फ्रॉइडे' घ्या, पाच आवाजांचं, अकरा भागांचं. त्यात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली वचनं आणि एका गीताची कडवी आळीपाळीने येतात. रोमकरांस पत्र, अध्याय ८ आधी वाचून ठेवा, आणि गीताची चाल, नेहमीप्रमाणे, आधी वेगळी गुणगुणून घ्या.